यलोस्टोनच्या बर्फात टू-स्ट्रोकचा धूर

२००२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या पश्चिम गेटवर पास तपासणारे रेंजर चक्क गॅस मास्क लावून उभे होते. त्याआधीच त्यांच्या केबिनमध्ये पाइपने ताजी हवा सोडायची सोय करावी लागली होती, तरी डोकं दुखणं आणि मळमळणं काही थांबेना. बाहेर पांढराशुभ्र बर्फ, चहूकडे पाइनचं जंगल, १८७२ साली जाहीर झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांना धड श्वास घेता येत नव्हता. कारण स्नोमोबिल.

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी स्नोमोबिल बघितलीच असेल, पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, हॅण्डलला ॲक्सिलरेटर, बसायचं आणि सुटायचं. यलोस्टोनमध्ये ती पहिल्यांदा आली १९६३ ला. तिथे हिवाळ्यात बहुतेक रस्ते बर्फाखाली जातात, गाड्या बंद होतात, मग पार्कने १९७१ पासून तोच बर्फ मशीनने दाबून सपाट करायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या दशकापर्यंत दिवसाला सरासरी आठशेच्या आसपास स्नोमोबिल आत जायला लागल्या, गर्दीच्या दिवशी तर हजाराच्याही वर. एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकू, या गाड्या पार्कमध्ये वाटेल तिथे उधळत नव्हत्या, उन्हाळ्यात ज्या रस्त्यांवर कार चालतात त्याच रस्त्यांवर त्यांना परवानगी होती. तरी एवढा धूर कसा?

इंजिन टू-स्ट्रोक होतं म्हणून. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर आणि रिक्षा आठवा, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घ्यायचं आणि सिग्नलला मागे उभं राहिलं की निळा धूर नाकात जायचा, तेच हे इंजिन. यात पिस्टन खाली आला की जळालेला वायू बाहेर जायचं भोक आणि ताजं मिश्रण आत यायचं भोक, दोन्ही काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे आत आलेल्या पेट्रोलपैकी साधारण पाव हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. त्यात थंडीत इंजिन चालू राहावं म्हणून पेट्रोल जास्तच सोडलेलं, म्हणजे ऑक्सिजन पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. मग असलं इंजिन लावायचंच कशाला? कारण ते हलकं असतं, ताकद दणकून देतं आणि कडाक्याच्या थंडीतही सुरू होतं, भुसभुशीत बर्फावर चालायचं तर वजन कमी हवंच.

आता यात हवामानाची भर घाला. पश्चिम गेटजवळचं वेस्ट यलोस्टोन गाव दोन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन आणि बर्फ आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतात, जमिनीलगतची हवा गारठून जड होते आणि खाली बसते, तिच्यावर जरा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी धूर वर जाऊन पांगतो, इथे तो झाकणाखालीच अडकतो आणि वाराही नसतो. सकाळी सगळ्यांना एकदमच आत जायचं असायचं, शेकडो गाड्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या, त्यामुळे गेटवर मोजलेला कार्बन मोनॉक्साइड सरकारी मर्यादेच्या अगदी जवळ जायचा. अख्ख्या वर्षात कारची संख्या स्नोमोबिलच्या कितीतरी पट असूनही हायड्रोकार्बनमध्ये, म्हणजे न जळलेल्या इंधनाच्या धुरात, मोठा वाटा स्नोमोबिलचाच, असं पार्कचाच हिशोब सांगत होता.

गंमत म्हणजे कोर्टातलं भांडण धुरावरून सुरूच झालं नाही, ते सुरू झालं बायसनवरून, म्हणजे तिथल्या केसाळ रानगव्यांवरून. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता, बायसनचे कळप चारा शोधत पार्कबाहेर मोंटाना राज्यात उतरले, आणि तिथल्या पशुपालकांच्या गाईंना ब्रुसेलोसिस (गाभण गाईचा गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग) होईल या भीतीने त्यातले हजारावर मारले गेले. प्राणीवाल्या संस्थांनी १९९७ ला केस टाकली, म्हणाले की स्नोमोबिलसाठी दाबलेले रस्ते बायसनला आयते हायवे झालेत, म्हणून ते बाहेर जातात. ऐकायला एकदम पटतं. पण नंतर संशोधकांनी कळपांवर नजर ठेवून बघितलं तर रस्त्यांचा वापर सगळ्यात जास्त वसंतात, बर्फ वितळताना होत होता आणि ऐन हिवाळ्यात, रस्ते दाबले जात असताना उलट कमी. बायसन नद्यांच्या आणि दऱ्यांच्या काठाने फिरतात, रस्ते बांधणाऱ्यांनीही त्याच दऱ्या निवडल्या होत्या, एवढंच. म्हणजे ज्या मुद्द्यावर सगळं पेटलं तोच सगळ्यात कच्चा निघाला.

मग प्राण्यांना त्रास होत नव्हता का? होत होता, पण तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्कॉट क्रील आणि सहकाऱ्यांनी लांडग्यांची आणि एल्क हरणांची विष्ठा गोळा केली. ताण आला की शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड नावाची हॉर्मोन्स वाढतात आणि त्यांचे अंश विष्ठेत उतरतात, म्हणजे प्राण्याला हात न लावता, सुई न टोचता त्याचा ताण मोजता येतो (मला ही पद्धत फार आवडते, फक्त बर्फात वाकून ते गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार मनात येतो). ज्या दिवसांत स्नोमोबिल जास्त त्या दिवसांत एल्कमध्ये ही पातळी वर. मिनेसोटातल्या व्हॉयाजर्स पार्कमध्ये तर काही वर्षांत स्नोमोबिलचा वापर ३७ टक्क्यांनी घटला आणि लांडग्यांच्या विष्ठेतली हॉर्मोन्सही तेवढीच घटली. पण २००२ च्या याच पेपरमध्ये असंही लिहिलंय की यामुळे प्राण्यांची संख्या कमी झाल्याचा पुरावा नाही, आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं वाक्य उचललं. हिवाळ्यात एल्क किंवा बायसन साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतो, खोल बर्फातून पळणं त्याला फार महाग पडतं, त्यामुळे ताणाला किंमत आहेच, ती एखाद्या हिवाळ्यात मोजता येत नाही इतकंच.

कोर्टातला तमाशा थोडक्यात सांगतो. क्लिंटन सरकारने जाता जाता स्नोमोबिल हळूहळू बंद करायचं ठरवलं, बुश सरकारने ते फिरवलं, डिसेंबर २००३ मध्ये सीझन उघडायच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनच्या जज सलिव्हननी बुशचा निर्णय रद्द केला, आणि दोनच महिन्यांत वायोमिंग राज्यातल्या जज ब्रिमरनी नेमकं उलटं सांगितलं. म्हणजे पार्क एक, फेडरल जज दोन आणि हुकूमही दोन. वेस्ट यलोस्टोनमधल्या ज्यांची हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या यावरच चालायच्या त्यांनी काय करायचं?

हवा मात्र तोवर सुधारायला लागली होती, कारण पार्कने अट घातली होती की आत यायचं तर साध्या स्नोमोबिलपेक्षा हायड्रोकार्बन ९० टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ७० टक्के कमी हवा. म्हणजे व्यवहारात कमी धूर सोडणारं फोर-स्ट्रोक इंजिनच आणि सोबत गाइड. दिवसाची संख्याही अडीचशेच्या आसपास आली. मग २०१३ च्या नियमात पार्कने मोजायची पद्धतच बदलली आणि मला वाटतं खरी हुशारी तिथे आहे. त्यांनी गाड्या मोजणं सोडून गट मोजायला सुरुवात केली. दहा गाड्या एकत्र गेल्या तर दोन-चार मिनिटं गोंगाट होतो आणि मग शांतता, त्याच दहा गाड्या सुट्या सुट्या गेल्या तर दिवसभर कुठून ना कुठून घरघर येत राहते, प्राण्यांनाही दर वेळी मान वर करावी लागते. म्हणून दिवसाला ११० फेऱ्या, त्यातल्या जास्तीत जास्त ५० स्नोमोबिल गटांच्या, एका गटात दहाच्या वर गाड्या नाहीत, बाकी स्नोकोच म्हणजे बर्फावरच्या बस. आणि बस म्हटलं की सगळ्यांना वाटतं चला, ही तरी स्वच्छ. पण डेन्व्हर युनिव्हर्सिटीच्या गॅरी बिशपनी चालत्या गाड्यांचा धूर मोजला तेव्हा जुन्या काही स्नोकोच माणशी हिशोबात नव्या स्नोमोबिलपेक्षा घाण निघाल्या, मग त्यांनाही नियम लागले.

पार्कबाहेर चित्र वेगळं आहे, नॅशनल फॉरेस्टच्या सरकारी जंगलात बऱ्याच ठिकाणी रस्ता सोडून कुठेही जाता येतं. बर्फाच्या जाड थराखाली जमिनीलगत एक पोकळी असते, वर उणे तीस असलं तरी तिथे शून्याच्या आसपास, आणि व्होल नावाचे छोटे उंदीर, चिचुंद्र्या अख्खा हिवाळा तिथे बोगदे करून काढतात. बर्फ ऊब धरतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे, वरून गाडी गेली की हवा निघून जाते, बर्फ घट्ट होतो, थंडी खाली झिरपते, बोगदे बसतात. त्यातच आता गाड्या इतक्या हलक्या आणि ताकदवान झाल्यात की पूर्वी कोणी न जाणाऱ्या चढांवरही त्या पोचतात, आणि तिथेच वुल्वरिनची (छोट्या अस्वलासारखा दिसणारा, मुंगसाच्या आकाराहून मोठा शिकारी प्राणी) मादी फेब्रुवारीपासून बर्फात बीळ करून पिल्लं वाढवते. आयडाहो राज्यात आणि शेजारच्या डोंगरांत वुल्वरिनना जीपीएस पट्टे लावून अभ्यास झाला, त्यात स्नोमोबिलवाल्यांनी आणि स्कीवाल्यांनी स्वतःहून खिशात जीपीएस बाळगले. निष्कर्ष २०१९ ला आला, वुल्वरिन दोघांनाही टाळतात, रस्त्यापेक्षा आडरानात जास्त, आणि आडरानातल्या स्नोमोबिलना माद्या सगळ्यात जास्त टाळतात. म्हणजे इंजिन नसलेला माणूसही अगदीच निर्दोष नाही.

राष्ट्राध्यक्ष निक्सननी १९७२ लाच आदेश काढला होता की सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणाऱ्या अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवा, प्राण्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसने २००५ च्या नियमात बर्फावरच्या गाड्यांना सक्तीतून सूट दिली, २०१३ मध्ये आयडाहोच्या कोर्टाने ती चूक ठरवली, २०१५ ला नवा नियम आला की नकाशावर जिथे उघडं दाखवलंय तिथेच जायचं. ते नकाशे एकेका जंगलाचे वेगवेगळे बनतात, सुनावण्या होतात, हरकती येतात, आणि सगळ्या जंगलांचे अजून झालेले नाहीत.