व्हेंटिलेटरचा दाब आणि पेशींतले रक्षक

‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे आशा सोडा’ हे वाक्य ऐकलं की गप्प बसवत नाही. हे यंत्र फुप्फुसांना सावरायला वेळ मिळवून देतं. जपायचं असतं ते त्याच्या दाबापासून.

एरवी श्वास घेताना छाती फुगते, आतला दाब उतरतो आणि हवा ओढली जाते. व्हेंटिलेटर ती आत ढकलतो. एआरडीएस या फुप्फुसांना अचानक सूज येऊन श्वास अपुरा पडण्याच्या आजारात बरेचसे वायुकोश पाण्याने भरलेले किंवा मिटलेले असतात, त्यामुळे सगळी हवा उरलेल्या मोजक्या वायुकोशांत घुसते आणि त्यांना नको इतकी ताणते. 2000 साली अमेरिकेत 861 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका श्वासाला वजनाच्या किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं. हे किलोही उंचीवरून काढायचे, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत.

ताणलेल्या पेशी दाह पेटवणारे रेणू सोडतात. ते रक्तात उतरले की मूत्रपिंड, यकृतही आजारी पडतात.

मला खरी भुरळ आहे ती पेशीच्या बचावाची. 1962 मध्ये फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीच्या अळीतल्या लाळग्रंथी उष्णता लागल्यावर पाहिल्या, तर गुणसूत्रं ठरावीक जागी फुगलेली दिसली. तिथली जनुकं कामाला लागली होती. त्यांतून बनणारी प्रथिनं म्हणजे हीट शॉक प्रोटीन, थोडक्यात एचएसपी. त्यातलं एचएसपी70 बिघडलेल्या प्रथिनांना धरून त्यांची घडी नीट बसवायला मदत करतं. एरवी हेच रक्षक एचएसएफ1 नावाच्या प्रथिनाला अडकवून ठेवतात. पेशीवर ताण आला, प्रथिनांच्या घड्या विस्कटल्या, की रक्षक तिकडे धावतात आणि एचएसएफ1 मोकळं होतं. मग त्याचे तीन-तीन रेणू जुळून केंद्रकात जातात, डीएनएला चिकटतात आणि नव्या रक्षकांची निर्मिती सुरू होते. ते पुरेसे झाले की एचएसएफ1ला पुन्हा धरून ठेवतात. रक्षक कामात गुंतले हीच पेशीला मिळालेली धोक्याची सूचना! शिवाय एचएसपी70 हे एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या कळीलाही आवर घालतं.

उंदरांना आधी तापवून मग जंतुसंसर्ग घडवला तर फुप्फुसांची इजा कमी झाली. मग माणसांतही ही प्रथिनं वाढवावीत असं वाटणं साहजिक होतं. प्रयोगशाळेत ग्लुटामिन या अमिनो आम्लाने ती वाढत होती. पण अनेक अवयव निकामी होत असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या 1,223 रुग्णांच्या चाचणीत (2013) ग्लुटामिन मिळालेल्यांत सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू जास्त निघाले. ‘पेशींची ताकद वाढवणाऱ्या’ पुड्या विकणाऱ्यांना हा निकाल दाखवायला हवा.

एचएसपी70चं काम ते कुठे आहे यावर ठरतं. पेशीच्या आत ते रक्षक असतं, तर पेशी फुटून बाहेर सांडलं की प्रतिकारपेशी त्याला धोक्याचा इशारा समजतात आणि दाह वाढू शकतो. त्यामुळे रक्तात एचएसपी70 भरपूर सापडलं, एवढ्यावरून रुग्णाचा बचाव मजबूत आहे असं म्हणता येत नाही. कदाचित तितक्या पेशी फुटलेल्या असतात.