पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं री-पासिंग: काय लागतं, किती लागतं आणि कुठं अडकतं

गाडीला पंधरा वर्षं होत आली की सल्ले देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात सरकारनी बंदी आणलीय, आता भंगारात घाला, आणि दुसरे म्हणतात काही होत नाही ओ, गावात कोण विचारतंय, बिनधास्त चालवा. दोघांचंही ऐकू नका. डिझेल दहा वर्षं आणि पेट्रोल पंधरा वर्षं ही जी बंदी व्हॉट्सॲपवर फिरत असते ती दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरची भानगड आहे, महाराष्ट्रात प्रायव्हेट गाडी तपासणीत पास झाली तर रजिस्ट्रेशन पुढं पाच वर्षं वाढवून मिळतं, यालाच री-पासिंग म्हणतात, आणि ती पाच वर्षं संपली की परत अर्ज करता येतो. पण रिन्यू न करता चालवली तर कायद्याच्या नजरेत ती बिनपासिंगची गाडी, पोलिसांनी धरलं तर दंड, आणि देव न करो पण ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं आरसीची म्हणजे रजिस्ट्रेशन कार्डाची तारीखच बघतात.

आमची लाल हॅचबॅक आम्ही २०१७ ला सेकंडहँड घेतली, मिस्टरांच्या नावावर आहे, आणि गेल्या वर्षी तिची पंधरा वर्षं भरली. अख्खी धावपळ मी केली कारण ह्यांना सुट्टी नाही. पैसे किती लागले त्यापेक्षा चकरा किती झाल्या ते विचारा! आणि त्यातली एकही चकर री-पासिंगच्या मूळ कामासाठी नव्हती, सगळ्या आमच्याच जुन्या आळशीपणाच्या होत्या, म्हणून तेच आधी सांगते.

सगळ्यात पहिलं आरसी काढून तारीख बघा. पंधरा वर्षं रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून मोजतात, गाडी कंपनीत बनली त्या महिन्यापासून नाही. कार्डावरच रजिस्ट्रेशन व्हॅलिडिटीची शेवटची तारीख छापलेली असते, कार्ड घासून पुसट झालं असेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर ॲपमधे दिसते. त्या तारखेच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, त्याहून आधी नाही. आणि तारीख उलटली तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा, महिन्यातले चार दिवस झाले तरी अख्खा महिना धरतात, टू-व्हीलरला हेच ३०० आहे. म्हणजे वर्षभर "बघू नंतर" केलं की ६,००० रुपये नुसते त्याचेच.

अर्ज कोण करू शकतं तर आरसीवर ज्याचं नाव आहे तो. हे वाचून तुम्ही म्हणाल त्यात काय सांगायचं, पण आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्या अजून पहिल्या मालकाच्याच नावावर फिरतायत. तुम्ही गाडी घेतली, पैसे दिले, नोटरी केली आणि ट्रान्सफरच्या फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन कपाटात ठेवून दिले असतील तर गाडी तुमची नाही. आधी ट्रान्सफर, मग री-पासिंग. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ पण लागतो. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती, आणि ते काम कायद्यानं तीन महिन्यांत करायचं असतं पण दुःखात कुणाला गाडी आठवते, वर्ष दोन वर्षं तशीच जातात. असं काही असेल तर साठ दिवस पुरत नाहीत, चार-पाच महिने आधीच हलायला लागा.

आता मोबाईल नंबर. सगळं काम परिवहनच्या वाहन पोर्टलवरून ऑनलाइन सुरू होतं आणि ओटीपी येतो तो आरसीला जोडलेल्या नंबरवर. आमच्या आरसीला जो नंबर होता तो गाडी घेताना एजंटनी टाकलेला त्याचा स्वतःचा! आठ वर्षं आम्हाला पत्ताच नाही. नंबर बदलायची सोय पोर्टलवरच आहे, पण आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळायला पाहिजे, आणि आमच्याकडं एकात वडलांचं नाव पूर्ण तर दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर, मग गेला एक दिवस.

दुसरी गोष्ट बँकेचा बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद. आम्ही गाडी घेताना पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते कधीच फिटलं, पण आरसीवर बोजा तसाच. री-पासिंग त्यामुळं थांबतं असं नाही, पण नवीन कार्डावर परत पतसंस्थेचं नाव छापून येणार आणि उद्या गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक तिथंच अडणार. फॉर्म ३५ वर कर्ज देणाऱ्याचा सही-शिक्का आणि त्यांची एनओसी घेऊन आधी बोजा उतरवून घ्या. एनओसीला मुदत असते, कपाटातली पाच वर्षांपूर्वीची चालत नाही, नवीन तारखेची मागून घ्या.

पत्ता बदलला असेल तर फॉर्म ३३. हा आळस महागात पडतो कारण नवीन स्मार्ट कार्ड पोस्टानं आरसीवरच्या पत्त्यावर येतं, हातात देत नाहीत. तुम्ही राहायला गेलात पिंपरीत आणि कार्ड गेलं कराडच्या जुन्या भाड्याच्या घरी, मग बसा शोधत.

आणि सीएनजी. बाहेरून किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे, आरसीवर नुसतं पेट्रोल आणि डिकीत टाकी असं असेल तर तपासणीच्या ट्रॅकवरूनच परत पाठवतात. टाकीची हायड्रो टेस्ट म्हणजे दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी असते, तिचं सर्टिफिकेट चालू असू द्या.

आता मूळ कागद. फॉर्म २५ हाच री-पासिंगचा अर्ज, पोर्टलवर माहिती भरली की तयार होऊन प्रिंट निघते. त्याच्यासोबत ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला), मालकाचं आधार आणि पॅन, पॅन नसेल तर फॉर्म ६०, टॅक्स भरल्याचा पुरावा आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी असला तरी चालतो, १००० सीसीच्या आतल्या गाडीला त्याचा प्रीमियम जून २०२२ पासून २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे, आणि साठ-सत्तर हजाराच्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यायचा का हे ज्याचं त्यानं ठरवा, मी घेत नाही. पीयूसीत एक गंमत आहे, बीएस-४ गाडीला ती वर्षभर चालते पण बीएस-३ ला सहाच महिने (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, आकडा मोठा तेवढे कडक). पुण्या-मुंबईत बीएस-४ एप्रिल २०१० पासून आलं, बाकी भागात बऱ्याच नंतर, म्हणून एकाच साली घेतलेल्या दोन गाड्यांच्या पीयूसीची मुदत वेगळी निघू शकते.

चेसिस प्रिंट एजंट काढून देतो पण आपली आपण काढता येते. बॉनेट उघडायचं, बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिनच्या मागच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. आमच्या गाडीच्या नंबरवर पंधरा वर्षांचं ग्रीस आणि धूळ, एक अक्षर दिसेना. जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून घासलं, फडक्यानं पुसलं, वर थोडी पावडर चोळली तेव्हा कुठं आकडे वर आले. मग पातळ कागद धरून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवायची, लहानपणी नाण्याचा छापा काढायचो ना अगदी तसंच. हे तपासणीच्या आधी करायचंच, कारण इन्स्पेक्टर पण तोच नंबर बघणार आणि गंजून तो वाचताच आला नाही तर ते प्रकरण वेगळंच वाढतं.

नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी पाटी बसवलेली असल्याशिवाय आरटीओत काम पुढं सरकत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, बुकिंग ऑनलाइन आणि ते परिवहन खात्याच्या साइटवरूनच करा, सर्च करून पहिली दिसेल त्या साइटवर पैसे भरू नका, खोट्या साइट निघाल्यात. ई-चलानं बाकी असतील तर तीही आधी मिटवून टाका.

पैशाचं गणित असं. रिन्यूअलची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० झाली. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, पेट्रोल गाडीला पाच वर्षांचे ३,००० आणि डिझेलला ३,५००. वर स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे किरकोळ. म्हणजे वेळेत गेलात तर पेट्रोल गाडीला आठ-साडेआठ हजारात सरकारी खर्च बसतो, वीस वर्षांच्या पुढच्या चारचाकीची फी मात्र ऑगस्ट २०२५ च्या नोटिफिकेशननं १०,००० केलीय. एजंटनी आम्हाला "सगळं मिळून पंधरा" सांगितलेलं, हिशोब मागितला तर म्हणे ताई तुम्हाला नाही कळायचं ते. एजंट धरायला माझी हरकत नाही, प्रत्येकाला वेळ नसतो, पण सरकारी पावत्या पोर्टलवर आपल्याला दिसतात तेवढ्या बघा आणि मग त्याची मजुरी ठरवा.

पैसे भरले की तपासणीची तारीख घ्यायची आणि गाडी घेऊन जायचं. त्याच्या आधी आपल्या गॅरेजवाल्याकडं अर्धा दिवस टाका. ब्रेक, हँडब्रेक, टायरची नक्षी, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, सीटबेल्ट, सायलेन्सरचा आवाज, हे बघतातच. काळ्या फिल्म काढा, पुढं लोखंडी बंपर लावला असेल तो काढा. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या, फार खर्च नाही. आमच्याकडं ब्रेक शू बदलले, टायर दोन टाकले, गाडी धुवून चकाचक केली आणि ट्रॅकवर साहेबांनी मागं जाऊन विचारलं नंबरप्लेटवरचा दिवा का लागत नाही. तिथं दिवा असतो हेच मला त्या दिवशी कळलं! गेटच्या बाहेर इलेक्ट्रिशियन बसलेलाच होता, पन्नास रुपयांचा बल्ब टाकला, पण तोवर लाइन पुढं गेलेली, उन्हात अजून दोन तास.

एवढं सगळं करण्याच्या आधी एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा हो. इंजिनचं काम करता येतं, क्लच बदलता येतो, पण खालचा पत्रा सडला असेल, पायाखालचं मॅट उचललं की रस्ता दिसत असेल तर आठ हजार भरू नका. कोकणातल्या गाड्यांचं हे फार होतं. मग ती नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच द्या, तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, नवीन गाडीच्या टॅक्समधे त्यावर सूट मिळते, आणि मुख्य म्हणजे आरटीओत रजिस्ट्रेशन रद्द होतं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर पैसे लगेच मिळतील पण गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते आणि तिचे नंबर उद्या कुठं लागतील सांगता येत नाही.

आणि चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेत असाल तर भाव करतानाच आरसीची तारीख दाखवून हे आठ हजार कमी करून घ्या, विकणारा त्यासाठीच तर घाईत असतो.

पास झालं की पोर्टलवर नवीन तारीख आधी दिसायला लागते, कार्ड मागाहून येतं. आमचं आलं तेव्हा पोस्टमनसमोरच पाकीट फोडून बघितलं, तारीख बरोबर, बोजा गेलेला, नंबर बरोबर, पण रंग पांढरा लिहून आलाय. आता त्यासाठी परत अर्ज.