‘पहिले जिवंत अपत्य’ : मातृत्व लाभातल्या एका अटीची पार्श्वभूमी

गरोदर बाईच्या खात्यात सरकारने पैसे भरायचे, ही गोष्ट आता अंगणवाडीतल्या वजनकाट्याइतकी सवयीची झाली आहे. भांडण उरले आहे ते एवढेच, की हे पैसे कितव्या बाळंतपणापर्यंत द्यायचे. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने ते ‘पहिल्या जिवंत अपत्या’पुरते ठेवले. या अटीचे मूळ कुटुंबनियोजनाच्या जुन्या कार्यक्रमात सापडते.

बाळंतपणात बुडणारी मजुरी भरून मिळावी, हा विचार मुंबई प्रांतात १९२९ च्या कायद्याने आला. पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता होता आणि पैसे मालकाने द्यायचे होते. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे कायदेमंडळातल्या चर्चेत तेव्हाच बोलले गेले होते. सरकारची तिजोरी मात्र उघडली १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर, आणि तीही मुले कमी व्हावीत म्हणून. १९७६ मध्ये तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. आणीबाणीनंतर ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंबकल्याण’ झाले, पुरुष मागे सरले, आणि ‘ऑपरेशन’ म्हटले की ते बाईचेच असे ठरून गेले.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपण दवाखान्यात व्हावे हा तिचा हेतू. महाराष्ट्राची गणना बऱ्या कामगिरीच्या राज्यांत झाली, म्हणून इथे रक्कम कमी : ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६००. तीही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांनाच. वय किमान १९ हवे आणि बाळंतपण पहिले किंवा दुसरे हवे, ही अट वेगळी. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी बाद, आणि चौथ्यांदा अडलेली बाईही बाद. धोका सगळ्यात जास्त ज्यांना, त्याच वगळल्या गेल्या. या अटी निघायला २०१३ साल उजाडले.

त्याच वर्षी अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ सांगितला आहे. सरकारी नोकरीतल्या किंवा तसाच लाभ अन्यत्र मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या आहेत. अपत्यांच्या संख्येबद्दल कलमात एक शब्द नाही. त्याआधी २०१० पासून अमरावती आणि भंडारा जिल्ह्यांत या धर्तीची योजना प्रायोगिक पातळीवर चालू होती, तिला दोन अपत्यांची मर्यादा होती. कायद्याने ती ठेवली नाही.

तरीही २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर लागू झाली ती तीन हप्त्यांत ५,००० रुपयांची आणि ‘पहिल्या जिवंत अपत्या’पुरती. उरलेले जननी सुरक्षेतून मिळून सरासरी ६,००० होतात, असा हिशेब दिला गेला. महाराष्ट्रातल्या खेड्यात हा हिशेब मांडून पाहा : ५,००० अधिक ७००. सहा हजार होत नाहीत. जी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही आणि अनुसूचित जाती-जमातीतलीही नाही, तिचे पाचच राहतात. कायद्याने ‘किमान’ म्हटले होते, ‘सरासरी’ नव्हे.

‘जिवंत अपत्य’ या शब्दाचा गुंता याहून वाईट. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मले, तर राहिलेले हप्ते पुढच्या खेपेला मिळत. पण तिन्ही हप्ते घेतल्यावर बाळ दगावले, तर पुढच्या गरोदरपणात काहीच नाही. घरात खेळणारे पहिले मूल ते दुसरेच असणार. कागदावर मात्र तिचा लाभ घेऊन झालेला. मला या योजनेतली सगळ्यात निर्दय ओळ हीच वाटते.

कागदांचा त्रास आणखी निराळा. पहिल्या हप्त्यासाठी तेव्हा शेवटच्या पाळीपासून १५० दिवसांच्या आत नोंदणी लागे, आणि सुरुवातीला नवऱ्याचेही आधार मागत. आपल्याकडे लग्नात मुलीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कधी पहिले नावही. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे. त्यात पहिले बाळंतपण माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. नाव जुळेपर्यंत बाळ रांगायला लागते.

एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. पहिल्या अपत्याचे ५,००० आता दोन हप्त्यांत येतात. दुसऱ्या अपत्यासाठी ६,००० आहेत, पण ती मुलगी असेल तरच. मुलींचे प्रमाण वाढावे हा हेतू चांगलाच आहे. मात्र मुलगा की मुलगी हे बाळंतपणाआधी कळत नाही, कळून घेणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे हे पैसे जन्मानंतरच येतात. दुसऱ्या गरोदरपणाचे नऊ महिने, जेव्हा दूध-अंड्याला पैसे लागतात आणि शेतावरची मजुरी बुडते, तेव्हा या योजनेतून तिच्या हातात एक रुपयाही पडत नाही.