खुर्च्या भिंतीला लावल्या की गप्पा का आटतात?

चार वर्षांपूर्वी आम्ही गोव्यात फोंड्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सोफा एका भिंतीला लावला, दोन खुर्च्या समोरच्या भिंतीला, दिवाण खिडकीखाली, आणि मधे सगळी मोकळी लादी, कारण हॉल मोठा दिसायला हवा. दिसायचाही. मग चवथीला पाहुणे जमले, सोफ्यावरचे तिघं टीव्हीकडे बघत, समोरचे दोघं मोबाइलमध्ये, आणि खऱ्या गप्पा चालल्या होत्या त्या आत स्वयंपाकघरात, जिथे चार बायका एका छोट्या टेबलाभोवती नेवऱ्या भरत बसलेल्या. माणसं एकाच घरातली, मग एवढा फरक का? दुसऱ्या दिवशी मी टेप काढून मोजलंच. सोफ्यावरच्या डोक्यापासून समोरच्या खुर्चीवरच्या डोक्यापर्यंत साडेअकरा फूट, आणि स्वयंपाकघरात जेमतेम साडेतीन.

हा प्रश्न फार आधी कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात एका मनोरुग्णालयात विचारला गेलाय. तिथले डॉक्टर हम्फ्री ऑझमंड यांनी 1957 मध्ये खोल्यांचे दोन प्रकार सांगितले, माणसांना एकमेकांपासून दूर लोटणाऱ्या आणि माणसांना एकत्र ओढणाऱ्या. (सायकेडेलिक हा शब्द घडवणारे ते हेच ऑझमंड, आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स संगीतामुळे गोव्यात तो शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो.) त्यांच्याबरोबर काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी तिथल्या वृद्ध बायकांच्या वॉर्डात बघितलं तर वॉर्ड नुकताच छान सजवलेला, नव्या खुर्च्या, पण सगळ्या भिंतींना ओळीने लावलेल्या, आणि त्या बायका दिवसभर शेजारी शेजारी गप्प बसलेल्या. त्यांनी छोटी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या, आणि काही आठवड्यांनी मोजलं तर आपसातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालेलं. औषध तेच, बायका त्याच, फक्त खुर्च्या हलल्या.

सॉमर यांनी पुढे दोन कोच समोरासमोर ठेवून त्यांच्यातलं अंतर बदलत बदलत लोकांना गप्पा मारायला बसवलं. कोच जवळ असले की लोक समोरासमोर बसायचे, पण डोक्यांमधलं अंतर साधारण साडेपाच फुटांच्या वर गेलं की उठून एकाच कोचावर शेजारी बसायला लागायचे. त्या हिशोबाने आमचा हॉल दुपटीहून जास्त लांब! यात आवाजाचंही गणित आहे, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींवरून परत येतो म्हणून थोडा कमी उतरतो पण उतरतोच, वर पंख्याची घरघर, आणि पत्र्यावर किंवा कौलांवर जुलैचा पाऊस कोसळत असेल तर साडेअकरा फुटांवरून बोलणं म्हणजे ओरडणंच, आणि ओरडून कोणी मनातलं सांगत नाही.

आता आपला बाल्कांव, म्हणजे घराच्या दारापुढची बसायची जागा, आठवून बघा. माझं लहानपण म्हापशाजवळच्या गावात गेलं, शेजारच्या घराला बाल्कांव होता, पायऱ्या चढून वर गेलं की दोन्ही बाजूंना सिमेंटचे गुळगुळीत सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, एकमेकांकडे तोंड करून. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा तिथल्या आंटींना विचारून तोही मोजला. सोप्यांच्या कडांमधे साडेतीन फूट, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो तेव्हा डोक्यांमधे पाच फुटांच्या थोडं आत! कोणाला सॉमर माहीत नव्हते, बांधणाऱ्याला नुसतं बसणाऱ्यांचं माहीत होतं. शिवाय मोकळी बाजू रस्त्याकडे, म्हणजे बोलणं थांबलं तर नजर ठेवायला जागा आहे, पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून गेला, कोणाची म्हैस गेली, आणि विषय परत सुरू.

ही नजरेची गोष्ट फार महत्त्वाची आहे. अगदी नाकासमोर बसलं की एकतर डोळ्यात बघायचं नाहीतर मुद्दाम दुसरीकडे बघायचं, दोन्हीचा थोडा ताण येतो. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलं की डोळे भेटवताही येतात आणि सहज सोडवताही येतात, आणि सॉमर यांनी कँटीनमध्ये मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त गप्पा या कोपऱ्यावरच्या जोड्यांमधेच निघाल्या. म्हणून मी आता सोफा भिंतीपासून ओढून पुढे घेतलाय आणि वेताच्या दोन खुर्च्या त्याच्या एका टोकाला काटकोनात. हॉल लहान दिसतो, दिसू दे.

सोफा पुढे घेतल्याचे आणखी दोन फायदे झाले जे गोव्यात तरी मला फार मोठे वाटतात. एक म्हणजे पंखा. शांत बसलेलं माणूस साधारण 100 वॅटच्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकत असतं आणि मे-जूनमध्ये ती बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम वाळणं, पण हवेतच इतकी वाफ असते की अंगालगतची हवा हलवल्याशिवाय घाम वाळत नाही. पंख्याचा झोत पात्यांच्या खाली असतो, भिंतीपाशी पोचेपर्यंत त्यातला जोर गेलेला असतो, म्हणजे आपण पंखा लावायचो मोकळ्या लादीसाठी आणि घामाघूम बसायचो भिंतीला! तसंच रेग्झिनचं, ते पाठीला चिकटतं कारण त्यातून वाफ जायला वाट नाही, वेताच्या विणीतून मात्र खालून वरून दोन्हीकडून हवा खेळते. जुन्या गोंयकार घरांत वेताचं बैठं असलेल्या खुर्च्या एवढ्या का, त्याचं हेही एक उत्तर. दुसरा फायदा बुरशीचा. चिऱ्याची भिंत सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरते, सोफा चिकटवून ठेवला की मागची हवा कोंडते आणि ऑगस्टपर्यंत कापडावर हिरवट ठिपके. चार-सहा इंच फट ठेवली तरी खूप फरक पडतो.

आता उंचीकडे येते, आणि हे आईसाठी लिहितेय. तो सोफा दुकानात बसून बघितला तेव्हा इतका मऊ आणि खोल होता की सगळे खूश, पण आई त्यातून उठायची कशी ते बघा, आधी सरकत सरकत काठावर यायची, दोन्ही तळवे गादीत रुतवायची, गादी दबायची, एकदा झोका घ्यायची, परत मागे, मग दुसरा झोका, मग हात पुढे करायची की कोणीतरी धरा. मी समजत होते गुडघे गेले. गुडघ्यांचा दोष थोडा, बैठकीचा जास्त. उठताना शरीराचा भार आधी पायांच्या वर आणावा लागतो, बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकलेला आणि मांडीच्या स्नायूंवर तितकाच जास्त जोर. 2002 च्या एका आढाव्यात या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र बघितले होते, त्यात बैठक उंच केल्यावर गुडघ्यावरचा भार 60 टक्क्यांपर्यंत कमी झालेला दिसला, आणि हातांचा आधार घेतला तर खुब्यावरचा जवळजवळ निम्मा. आईचा सोफा बसल्यावर दबून 14 इंचांवर जायचा. आता तिला हात असलेली, 18 इंच उंच, कडक वेताची खुर्ची दिलीय, ती एका दमात उठते आणि कोणाला हाक मारत नाही. खुर्ची घेताना एवढंच बघा, बसल्यावर पाऊल पूर्ण टेकतंय ना, आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरतेय ना.

जेवणाच्या टेबलाचं माप सगळीकडे 30 इंच धरतात, खुर्ची 17-18. खरं महत्त्वाचं या दोघांमधलं अंतर, 11 ते 12 इंच, त्याहून जास्त झालं की खांदे वर चढतात. आपण हाताने कालवून खाणारी माणसं, शीत-हुमण, म्हणजे भात-कालवण, पुढ्यात घेतलं की कोपर टेबलाच्या वर उचलावं लागतं, म्हणून मला तर 29 इंच जास्त बरं वाटतं. माणशी 2 फूट काठ आणि खुर्ची मागे सरकवायला अडीच-तीन फूट धरा. चार फूट व्यासाच्या गोल टेबलाचा काठ साडेबारा फूट भरतो, म्हणजे सहाजण बसतात आणि कोणीच कोणापासून फार लांब नसतं.

लाकडाबद्दल मात्र मी चुकले आणि त्याचं वाईट अजून वाटतं. एका दुकानातून भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं सुंदर टेबल आणलं, दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ आहे, आणि दुसऱ्याच पावसात त्याच्या कडा पावासारख्या फुगल्या. आमच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं, त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाय, लांकूड उदक पिता." खरंच पितं, लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतली वाफ शोषून जाड होतात. बोर्डातला भुसा दाबून बसवलेला असतो, पाणी लागलं की तो सुटतो आणि परत कधी दबत नाही. सागवान फुगतं पण उन्हाळ्यात परत जागेवर येतं, तेही लांबीला जवळजवळ नाहीच, रुंदीला. तीन फूट रुंद सागवानी फळा फोंड्याच्या हवेत मे ते ऑगस्ट अर्धा ते एक सेंटिमीटर वाढू शकतो, म्हणून जाणता मेस्त तो खालच्या चौकटीला घट्ट आवळत नाही, स्क्रूला लांबट भोक ठेवतो, फळ्याला हलायला जागा मिळते. घट्ट आवळला तर फळा वाकतो नाहीतर चिरतो.

नवं गोल टेबल त्यांच्याकडेच सांगितलंय. फळ्या आल्यात, त्यांच्या शेडमध्ये मधे पट्ट्या घालून रचून ठेवल्यात, सगळीकडून वारा लागेल अशा. जोडकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.