झुआरीपलीकडे गेलेले देव : गोव्यातल्या बाटाबाटीची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चच्या आवारात एक दरवाजा उभा आहे. नुसता दरवाजा. मागे वाडा नाही, भिंतही नाही. काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर आडवा दगड, कडेला जाळीचे उरलेले तुकडे आणि चढायला थोड्या पायऱ्या. कोरीवकाम पाहताना देऊळच आठवतं. हा आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. पोर्तुगीज आल्यावर त्या वाड्यात त्यांचे गव्हर्नर राहिले, आणि पुढे तिथेच इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायासन बसलं. लोक त्या वास्तूला ‘व्हडलें घर’ म्हणत.

गोव्यात इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म कसे पसरले, त्यात तलवारीचा वाटा किती, हा वाद निघाला की मला हा दरवाजा आठवतो. दोन्ही धर्मांच्या राजसत्ता इथे जिंकून आल्या, दोघांनीही रक्त सांडलं. तरी परिणाम सारखा झाला नाही. का झाला नाही, हे समजून घ्यायला हवं.

इस्लाम गोव्यात पहिल्यांदा आला तो गलबतातून. अकराव्या शतकात कदंब राजा जयकेशी पहिला याच्या पदरी एक मुसलमान नौकाधिपतीचं घराणं होतं. गोपकपट्टण बंदरातल्या मशिदीसाठी राजाने उत्पन्न लावून दिल्याचं त्याच्या ताम्रपटात आहे, आणि मशिदीला तिथे ‘मिजिगिति’ असा शब्द आहे.

फौजा आल्या त्या चौदाव्या शतकात. दिल्लीच्या सैन्याने कदंबांचं राज्य खिळखिळं केलं. १३४२ च्या सुमारास होन्नावरच्या सुलतान जमालुद्दीनने गोव्यावर स्वारी केली, तेव्हा इब्न बतूता स्वतः त्या आरमाराबरोबर होता. प्रवासवर्णनात तो गोव्याला ‘संदापूर’ म्हणतो. मग बहामनी आले. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ त्यांच्या काळात पडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा जिंकल्यावर लिंग पुन्हा बसवलं. १४७२ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गावान याने गोवा परत घेतला, आणि शतकाच्या शेवटी तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला. देवळं पाडणं, लूट, जबर सारा हे सगळं या काळात घडलं आणि ते झाकायचं कारण नाही. पण गावंच्या गावं मुसलमान झाली नाहीत. सुलतानाला महसूल हवा होता, आणि शेती, खाजण (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), बांध सगळं गावकरीच्या, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेच्या हातात होतं. ती मोडण्यात त्याचा तोटाच होता.

पोर्तुगीज सेनानी अफोंस द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा कायमचा घेतला. त्याला बोलावण्यात तिमय्या या हिंदू सरदाराचा हात होता. राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात अल्बुकर्कने स्वतःच सांगितलं आहे की शहरातले मुसलमान सलग चार दिवस कापले, मशिदीत कोंडून जाळले, आणि मेलेल्यांचा आकडा सहा हजार असावा. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मात्र हात लावू नये असा त्याचा हुकूम होता. गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतली ही सगळ्यात मोठी कत्तल, आणि ती धर्मांतरासाठी नव्हती. त्यानंतरची तीस वर्षं हिंदूंची देवळं बहुतांशी उभीच होती.

खरी बाटाबाट सुरू झाली ती १५४० पासून, आणि तिचं हत्यार कागद होतं. तिसवाडीतली, म्हणजे गोवा शहराभोवतीच्या भागातली देवळं पाडली, त्यांच्या जमिनी चर्चकडे गेल्या. १५४२ मध्ये जेझुइट या कॅथलिक पंथाचा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर आला. १५४३ मध्ये बार्देश आणि गोव्यातली साष्टी हे शेजारचे महाल पोर्तुगिजांकडे आले. मग कायद्यांची रांग लागली. ख्रिस्ती झालेल्याला नोकरी, वारसा, गावकरीत मान. न झालेल्याला सण, लग्न, मुंज उघडपणे करायला बंदी. १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुलं जेझुइटांच्या ताब्यात देऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला, आणि पुढे नुसता बाप वारला तरी मूल अनाथ धरू लागले. म्हणजे आई पदराशी पोर धरून बसलेली, आणि सरकारी कागदावर ते पोर अनाथ! बाप गेला की नातेवाईक मुलांना लपवत किंवा होडीत घालून झुआरी नदीपलीकडे नेत. ज्या घरावर असा प्रसंग आला, त्याच्यापुढे उरलेल्या निवडीला ‘आपखुशी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पलीकडे म्हणजे अंत्रुजात, आजच्या फोंडा तालुक्यात. तिथे राज्य कोणाचं होतं? आदिलशहाचं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. हिंदूंचे देव एका मुसलमान राजाच्या हद्दीत आसऱ्याला गेले आणि तिथे टिकले. फोंड्याची साफा मशीद १५६० ची सांगतात. गोव्यात इन्क्विझिशनही त्याच वर्षी आलं. सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधायला घेतलं.

१५६७ मध्ये साष्टीत शेकडो देवळं जमीनदोस्त झाली. साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावाने मात्र ऐकलं नाही. १५८३ च्या जुलैमध्ये चर्चची जागा पाहायला आलेले पाच जेझुइट आणि त्यांच्यासोबतची माणसं कुंकळ्ळीकरांनी मारली. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. मग गावच्या सोळा नायकांना असोळणेच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावलं आणि दगा देऊन ठार केलं; एकटा निसटला. पाद्रींना रोमने १८९३ मध्ये ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. नायकांचं स्मारक व्हायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

इन्क्विझिशनबद्दल एक गैरसमज सतत भेटतो. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, म्हणजे ख्रिस्ती होऊनही जुनं न सोडणाऱ्यांवर. धर्मांतराच्या आड येणारे हिंदूही त्यात सापडत. दोन शतकांत सुमारे सोळा हजार खटले झाले. वैद्य गार्सिया द ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. १७३६ च्या जाहीरनाम्यात तुळस लावणं, लग्नात ओव्या गाणं, बिनमिठाचा भात शिजवणं हेही गुन्हे ठरले. दोनशे वर्षांनंतरही ओवी बंद करायला हुकूम काढावा लागला, यावरून बाटलेल्या घरांत काय काय जिवंत होतं ते कळतं. ते न्यायासन कायमचं उठलं १८१२ मध्ये.

मनाने ख्रिस्ती झालेलेही होतेच, आणि त्यांना खोटं ठरवणं हाही अन्यायच. फादर थॉमस स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं, १६१६ मध्ये राशोलला छापलं, कारण नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानाला तीच चाल गोड लागत होती.

अठराव्या शतकात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे पोर्तुगिजांकडे आले तेव्हा त्यांनी धर्मात हात न घालण्याचं मान्य केलं. म्हणून आजही चर्चच्या मनोऱ्यांचा गोवा आणि देवळांतल्या दीपस्तंभांचा गोवा यांच्यामध्ये नदी आहे.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्याला गेली. दर वर्षी फाल्गुनात ती जुन्या गावी येते, गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या नाचवत, गुलाल उधळत. वाटेवर त्याच वांगडांची ख्रिस्ती घरं आहेत, आणि तिथली माणसं तिच्या स्वागताला बाहेर येऊन उभी राहतात.