बॅले-संगीताची ध्वनिमुद्रणे : 'बॅले रूस'चा कालखंड

रंगमंचावरील बॅलेसाठी लिहिलेले संगीत नर्तकांशिवाय, केवळ ऐकण्यासाठी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करण्याची परंपरा. प्रस्तुत नोंदीत सर्गेई दियागिलेव्ह यांची 'बॅले रूस' ही नृत्यमंडळी (१९०९–२९) आणि तिच्या आसपासच्या वर्तुळासाठी पॅरिस व लंडनमध्ये निर्माण झालेल्या संगीताचा विचार केला आहे.

या मंडळीचे बरेचसे नृत्य काळाच्या ओघात हरवले. संगीतकार ईगॉर स्ट्राव्हिन्स्की यांच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चा पहिला प्रयोग २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात झाला आणि प्रेक्षकांच्या गदारोळामुळे तो गाजला. त्यासाठी व्हास्लाव्ह निजिन्स्की यांनी बसवलेले नृत्य मोजके प्रयोग होऊन विस्मृतीत गेले. १९८७ मध्ये अमेरिकेतील जॉफ्री बॅलेने टिपणे, चित्रे आणि आठवणींच्या आधारे त्याची पुनर्रचना केली, पण तोवर सात दशके उलटली होती. संगीत मात्र तबकड्यांवर टिकून राहिले. म्हणूनच ही ध्वनिमुद्रणे नृत्याची दुय्यम प्रत म्हणून ऐकणे योग्य नाही. त्या रंगमंचाचा सर्वांत भरवशाचा पुरावा आज त्यांच्यातच आहे.

सुरुवातीची साधने या संगीताला अगदीच अपुरी होती. १९२५ पूर्वी वादकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसवून ध्वनी थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. डबल बासचे खर्जातले सूर त्यात उमटत नसत, म्हणून त्यांच्या जागी बऱ्याचदा ट्यूबा हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवले जाई आणि वादकांची संख्याही कमी करावी लागे. वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी १९२४ मध्ये फिलाडेल्फिया वाद्यवृंदाकडून स्ट्राव्हिन्स्की यांच्या 'फायरबर्ड'मधील संगीत याच पद्धतीने मुद्रित केले. पुढच्याच वर्षी मायक्रोफोनचे युग सुरू झाले आणि सुमारे शंभर वादकांचा समूह तबकडीवर येणे शक्य झाले.

१९२९ हे या इतिहासातले कळीचे वर्ष. त्या ऑगस्टमध्ये दियागिलेव्ह व्हेनिसमध्ये वारले आणि मंडळी मोडली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'राइट ऑफ स्प्रिंग'ची दोन मुद्रणे झाली : एक १९१३ चा प्रयोग चालवणारे संचालक पिएर माँतो यांचे, दुसरे स्वतः स्ट्राव्हिन्स्की यांचे. स्टोकोव्स्की यांचे मुद्रणही याच सुमारास अमेरिकेत तयार झाले. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, त्यामुळे सुमारे तेहतीस मिनिटांच्या या कृतीला चार-पाच तबकड्या लागल्या. आपल्याकडे त्याच काळात ख्यालगायक आणि नाट्यगीत गाणारे कलावंत तीन-साडेतीन मिनिटांत राग बांधण्याचे कसब कमावत होते. युरोपीय संचालकाला ती मोकळीक नव्हती. लिहिलेला एकही सूर गाळायचा नाही, म्हणजे बाजू संपली की संगीत तोडायचे आणि श्रोत्याने उठून तबकडी उलटायची.

स्ट्राव्हिन्स्की यांच्या या मुद्रणात शेवटचे बलिदानाचे नृत्य मुद्दाम कान देऊन ऐकावे. तिथे जवळजवळ प्रत्येक मात्रागटाची लांबी बदलते. दोन, तीन, पाच असे आघात ठरावीक आवर्तन न देता येत राहतात. वादकांची ओढाताण स्पष्ट ऐकू येते. कुणी आघातावर किंचित आधी पोहोचतो, कुणी मागे राहतो. आजचा विद्यार्थी-वाद्यवृंदही हा भाग याहून सफाईने वाजवतो. तरीही त्या धडपडीत जो धोका आहे, तो नंतरच्या गुळगुळीत मुद्रणांत क्वचितच सापडतो. आपल्या कृतींच्या लयी पुढच्या वादकांना नेमक्या कळाव्यात यासाठी तबकडी हा दस्तऐवज आहे, असे स्ट्राव्हिन्स्की मानत.

लयीचा हा प्रश्न मॉरिस राव्हेल यांच्या 'बोलेरो'च्या बाबतीत सर्वांत तीव्र झाला. नर्तकी इदा रुबिन्स्टाइन यांच्यासाठी लिहिलेली ही कृती २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिस ऑपेरात सादर झाली. एका छोट्या ड्रमवरचा एकच ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत १६९ वेळा वाजतो आणि त्यावर वाद्ये एकेक करून चढत जातात. जानेवारी १९३० मध्ये राव्हेल यांनी लामूरो वाद्यवृंदासमवेत स्वतः तिचे मुद्रण केले. त्याची लय संथ आणि अढळ आहे. त्याच वर्षी संचालक तोस्कानिनी यांनी पॅरिसमध्ये 'बोलेरो' बरेच जलद वाजवले, तेव्हा राव्हेल नाराज झाले. राव्हेल यांची बाजू इथे खरी वाटते : ठेका पळू लागला की चढत जाणारा दाब नाहीसा होतो आणि उरते फक्त घाई.

मंचावर जे दिसायचे, त्याची जागा ध्वनी कशी घेतो हे स्ट्राव्हिन्स्की यांच्या 'पेत्रुश्का'त (१९११) कळते. चार प्रवेशांमध्ये देखावा बदलेपर्यंत ड्रमचा लांब गडगडाट लिहिलेला आहे. मुद्रणाच्या खोलीत बदलायला देखावाच नसतो, पण तो गडगडाट राहिला की श्रोत्याच्या मनात पडदा पडतो आणि उघडतो. पेत्रुश्का ही बाहुली मरते त्या क्षणी छोट्या झांजा जडवलेला डफ जमिनीजवळ धरून सपाट पाडावा, अशी सूचना स्वरलिपीत आहे. चांगल्या मुद्रणात त्या झांजांची अर्धवट किणकिण आणि मागोमागची शांतता दोन्ही ऐकू येतात. मैफलीसाठी दिलेला गाजावाजाचा शेवट निवडणारी मुद्रणे पेत्रुश्काच्या भुताचा कर्कश ट्रंपेट गमावतात आणि त्याबरोबर कथेचा अर्थही.

दियागिलेव्ह यांच्याकडे काम केलेले संचालक पुढे दीर्घकाळ मुद्रण करत राहिले, हे या संगीताचे भाग्य. एर्नेस्ट आन्सेर्मे यांनी 'परेड' (१९१७), 'थ्री-कॉर्नर्ड हॅट' (१९१९) आणि 'पुल्चिनेल्ला' (१९२०) यांचे पहिले प्रयोग चालवले होते. १९१८ मध्ये त्यांनी जिनिव्हात स्थापन केलेला स्विस रोमांद वाद्यवृंद आणि तिथले व्हिक्टोरिया हॉल हे डेक्का कंपनीचे एक मुख्य केंद्र झाले. डेक्काची सुरुवातीची स्टिरिओ मुद्रणे मे १९५४ मध्ये तिथेच झाली. हा वाद्यवृंद जगातला सर्वांत सफाईदार नव्हता. पण पाय कुठे टेकतो हे आन्सेर्मे यांना ठाऊक होते आणि त्यांच्या लयीला शरीराचे वजन आहे. राव्हेल यांच्या 'दाफ्निस ए क्लोए' या बॅलेच्या माँतो यांनी केलेल्या मुद्रणाबद्दल तेच म्हणता येईल. १९१२ मध्ये पहिला प्रयोग चालवल्यानंतर ४७ वर्षांनी, १९५९ साली, त्यांनी ती कृती लंडन सिंफनी वाद्यवृंदासमवेत मुद्रित केली. तिच्यातील पहाटेचा प्रसंग आजही अनेकांच्या मते अजोड आहे. 'राइट ऑफ स्प्रिंग' त्यांनी चार वेळा मुद्रित केले.

१९४८ मध्ये आलेल्या एलपीने, म्हणजे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीने, बाजू बदलण्याचा अडथळा एकावर आणला. मग संपूर्ण बॅले मुद्रित करण्याचे धाडस वाढले. एरवी 'फायरबर्ड'मधून निवडलेले तुकडेच प्रचलित होते. स्ट्राव्हिन्स्की यांनी कोलंबिया कंपनीसाठी १९६० मध्ये 'राइट ऑफ स्प्रिंग' पुन्हा वाजवले. त्यातले बलिदानाचे नृत्य १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवरील सोनेरी तबकडीत गेले. याच तबकडीवर केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवीही आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९६९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून डेक्कासाठी 'राइट ऑफ स्प्रिंग' ही कृती मुद्रित केली.

अलीकडच्या काळात ध्वनिमुद्रण पुन्हा मूळ वाद्यांकडे वळले आहे. फ्रान्स्वा-झाव्हिए रोत यांच्या संचालनाखाली 'ले सिएक्ल' या वाद्यवृंदाने फायरबर्ड, पेत्रुश्का व राइट ऑफ स्प्रिंग ही तिन्ही बॅले त्या काळच्या फ्रेंच वाद्यांवर, आतड्याच्या तारा लावून वाजवली. 'राइट ऑफ स्प्रिंग' सुरू होते ते एकट्या बासूनच्या, म्हणजे एरवी खर्जात वाजणाऱ्या लाकडी सुषिर वाद्याच्या, अतिउंच स्वरांनी. आधुनिक जर्मन बासूनवर ती ओळ सुरेल आणि निर्धास्त वाजते. जुन्या फ्रेंच बासूनचा आवाज बारीक, किंचित नाकातला असतो. लिथुआनियन लोकधुनेवर बेतलेली ती ओळ मग दूरवरून, कुणीतरी हाक मारावी तशी येते.