पिकअपचा कार्बोरेटर उशिरा का गेला

अमेरिकेत जुन्या शेवरले, फोर्ड किंवा टोयोटा पिकअपचा कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवणे हा आता घरच्या गॅरेजमधला नेहमीचा उद्योग झाला आहे. त्या देशात या अदलाबदलीची सुरुवात मात्र उलट्या दिशेने झाली होती. 1958 साली क्रायस्लरने आपल्या काही महागड्या मोटारींवर बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा दिली. सुमारे 35 गाड्या निघाल्या. बॉनेटखालची उष्णता आणि दमटपणा त्या काळच्या सुट्या भागांना सोसेना, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांवर शेवटी मुकाट्याने कार्बोरेटर चढवावा लागला. पुढे बेंडिक्सच्या पेटंटचा आधार घेऊन जर्मनीच्या बॉशने 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 साठी ‘डी-जेट्रॉनिक’ आणले, आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पहिल्यांदा रस्त्यावर टिकले.

कार्बोरेटरही तसा बिचारा वाईट नव्हता. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि तो उतरलेला दाब जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, पेट्रोल ओढून घेतो. विजेचा संबंध नाही, पंपाला चौरस इंचाला पाच-सहा पौंड दाब पुरतो, आणि बिघडले तर पान्हा-पेचकस घेऊन कडेला बसून दुरुस्त करता येते. शेतावरच्या ट्रकला आणखी काय हवे? अडचण एवढीच, की जेटचे भोक ठरलेले असते. कोलोरॅडोतले डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के विरळ. लेडव्हिल हे गाव तर 10,000 फुटांच्याही वर. खाली ट्यून केलेली गाडी वर गेली की मिक्स्चर रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, इंजिन गुदमरते, सायलेन्सर काळा धूर टाकतो. चढावर गाडी तिरकी झाली की वाटीतल्या पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या फ्लोटचे गणित बिघडते ते वेगळेच.

जनरल मोटर्सचा रॉचेस्टर ‘क्वाड्राजेट’ हा या पिढीचा नमुना म्हणून पाहण्यासारखा. 1965 च्या सुमारास आलेला हा चार नळ्यांचा कार्बोरेटर: पुढच्या दोन नळ्या लहान, मागच्या दोन चांगल्या मोठ्या. निवांत चालवले तर लहान नळ्यांवर भागते, पाय दाबला की मोठ्या उघडतात. डोके लढवून केलेले काम. पण फ्लोटच्या वाटीखालची बुचे कालांतराने झिरपू लागतात. रात्री गाडी उभी केली की वाटीतले पेट्रोल हळूहळू मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळकांड्यात, उतरते आणि सकाळी स्टार्टर मारत बसावे लागते. थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा घासून सैल झाला की तिथून फुकटची हवा शिरते, मग आयडलिंग कितीही जुळवा, हाती काही लागत नाही.

तरीही या कुरबुरींनी कार्बोरेटर गेला नाही. तो धुरामुळे गेला. लॉस एंजेलिसवरचा तपकिरी थर मोटारींच्या धुरातून आणि उन्हातून तयार होतो, हे कॅल्टेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिले. 1970 च्या क्लीन एअर ॲक्टने मोटारींचे मुख्य प्रदूषक 90 टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. 1975 च्या मॉडेलांपासून धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेमुक्त पेट्रोल आले. त्यानंतरचा थ्री-वे कन्व्हर्टर तर फारच नखरेल निघाला. एका भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी आसपास राहिले तरच तो तिन्ही विषारी वायू एकदम हाताळतो. एवढे काटेकोर राहायचे तर धुरात ऑक्सिजन सेन्सर हवा आणि त्याचे ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करणारे काहीतरी हवे. व्होल्वोने 1976 मध्ये कॅलिफोर्नियासाठी ही जोडी रस्त्यावर आणली.

अमेरिकी कंपन्यांनी आधी कार्बोरेटरलाच संगणक जोडून पाहिला. 1980 च्या दशकातले ते इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर म्हणजे दोन्हीकडचे दुर्गुण एकत्र: व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जंजाळ तसेच, वर सोलेनॉइड आणि वायरिंग. इंजेक्शनविषयी जुन्या मिस्त्रींच्या मनात जो राग बसला त्यातला बराचसा या यंत्रांनी कमावलेला आहे, असे माझे मत.

यात पिकअप मागे राहिले ते सवलतीमुळे. हलक्या ट्रकांना धुराचे नियम मोटारींपेक्षा सैल होते, आणि भारासकट 6,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 2,700 किलोंच्या वर परवानगी असलेल्या ट्रकांना तर आणखी सैल. फोर्डने 1975 साली एफ-100 आणि एफ-250 यांच्या मधोमध एफ-150 काढला तो याच रेषेच्या पलीकडे बसेल असा. आज अमेरिकेत सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांत मोडणारे हे नाव मुळात कन्व्हर्टर टाळण्याच्या हिशेबातून आले आहे. शेवरलेनेही पाठोपाठ तसाच एक ‘वजनदार अर्धा-टनी’ आणला. ग्राहकाला तेव्हा ते सोयीचे वाटले. आज जुन्या पिकअपवर इंजेक्शन चढवणारा माणूस त्याच सवलतीची उधारी फेडतो आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पिकअपला फारसा शिवलाच नाही, कारण महाराष्ट्रात भाजी, ऊस आणि वरातीची माणसे वाहणारे पिकअप डिझेलवर चालत आले, आणि डिझेल इंजिनात कार्बोरेटर नसतोच. कार्बोरेटर जाताना आपण पाहिला तो मोटारींवर. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या आदेशामुळे दिल्लीत 2000 पासून धुराचे युरो-2 नियम लागू झाले, मग मुंबईत, आणि मारुतीच्या मागे ‘एमपीएफआय’ (प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंजेक्शन) ही अक्षरे दिसू लागली. बहुतेक दुचाकींवरचा कार्बोरेटर 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 या धुराच्या नियमांनी काढला.

अमेरिकी पिकअपवर इंजेक्शन दशकभर टप्प्याटप्प्याने आले. टोयोटाने 1984 च्या सुमारास 22आर इंजिनाच्या जोडीला 22आरई दिले, फोर्डने 1985 मध्ये एफ-150 च्या व्ही-8 वर सुरुवात केली, शेवरलेने 1987 मध्ये. इसुझूचा साधा पिकअप मात्र 1994 पर्यंत कार्बोरेटरवरच विकला जात होता. घरगुती बदलाच्या दृष्टीने यांत शेवरलेची ‘थ्रॉटल बॉडी’ पद्धत सर्वांत महत्त्वाची. तिचे दोन इंजेक्टर कार्बोरेटरच्याच जागी, मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतात. एअर क्लीनर काढून टायमिंग लाइट, म्हणजे इंजिनाच्या तालावर लुकलुकणारा दिवा, धरला तर दोन्ही इंजेक्टरमधून शंकूच्या आकाराचा फवारा ठिबक्यांनी पडताना डोळ्यांनी दिसतो. दाब जेमतेम 12-13 पौंड. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर नसल्यामुळे पेट्रोलची वाटणी कार्बोरेटरइतकीच असमान राहते, पण थंडीत स्टार्ट होणे, उंचीवर जुळवून घेणे आणि तिरक्या चढावर न मरणे या तिन्ही गोष्टी साधतात.

भंगारात अशा शेवरलेंची रांग लागली तशी लोकांनी थ्रॉटल बॉडी, वायरिंग आणि संगणक उचलून 1970 च्या ट्रकांवर चढवायला सुरुवात केली. त्या संगणकाचा भाग क्रमांक 1227747. जाणकार नुसते ‘7747’ म्हणतात. त्याच्या पोटात 4 किलोबाइटची एक चिप असते. तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिवा दाखवला की जुने आकडे पुसले जातात, मग आपल्या इंजिनाचे नवे आकडे भरायचे. प्रत्येक दुरुस्तीला चिप काढा, पुसा, भरा, बसवा, चक्कर मारा. 2001 मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा हाताने सोल्डर करायचा संगणक लोकांसमोर ठेवला आणि लॅपटॉप जोडून चालत्या इंजिनाचे आकडे बदलणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले किट त्याही पुढचे. धुरातल्या वाइडबँड सेन्सरकडे, म्हणजे जास्त बारकाईने मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडे, पाहून ते स्वतःच शिकतात. जाहिरातीत दुपारभराचे काम म्हणतात.

दुपारभराचे असते ते वरचे काम. खरा खटाटोप टाकीकडे असतो. अशा नव्या किटना बहुधा 58 पौंड दाब लागतो. इंजिनावरचा जुना यांत्रिक पंप तिथे कुचकामी. पंप टाकीत किंवा टाकीजवळ हवा, उरलेले पेट्रोल परत नेणारी नळी हवी. कार्बोरेटरच्या वाटीत घोट-दोन घोट साठा असायचा, म्हणून वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी चालून जाई. इंजेक्शनच्या पंपाने एकदा हवा ओढली की इंजिन तिथेच दम टाकते. म्हणून टाकीत आडोसे लागतात. दोन टाक्यांच्या ट्रकात तर ज्या टाकीतून पेट्रोल घेतले तिथेच ते परत जाईल असा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो, नाहीतर एक टाकी रिकामी होताना दुसरी ओसंडून वाहते. आणि 1972 पर्यंतच्या शेवरलेची टाकी चक्क केबिनमध्ये, सीटच्या मागे! तिथे दाबाची नळी खेळवण्यापेक्षा टाकी हौद्याखाली हलवणे बरे, असे बहुतेकांना वाटते, आणि ते योग्यच आहे.

कायदा राज्याराज्यात वेगळा. सर्वांत कडक कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. 1976 पासूनच्या गाडीवर मात्र त्या राज्याच्या हवा मंडळाने मान्यता देऊन क्रमांक दिलेलेच किट चालते. त्यामुळे व्हॅक्यूमच्या नळ्यांनी जखडलेल्या, 1980 च्या आगेमागेच्या ज्या पिकअपना इंजेक्शनचा सर्वाधिक फायदा व्हावा, त्यांच्यावर ते चढवणे तिथे सर्वांत जिकिरीचे आहे. किट धूर कमी करत असले तरी क्रमांक नसेल तर तपासणीत गाडी नापास.